थंडीत खिडक्या धुणारे पाणी गरम का करतात? आणि त्या पाण्याने काच तडकत कशी नाही?

लंडन, मँचेस्टर, टोरंटो... अशा शहरांमधल्या थंडीचा एक व्हिडिओ तुमच्या फीडवर कधीतरी आला असेल. रस्त्यावर उभा एक माणूस, हातात दोन-तीन मजल्यांपर्यंत पोचणारी काठी, काठीच्या टोकाला ब्रश आणि ब्रशमधून काचेवर पडणाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या वाफा. साबण नाही, फडकं नाही, शिडी नाही. धुऊन झाल्यावर तो काच पुसतही नाही. तशीच ओली सोडून पुढच्या खिडकीकडे जातो.

हे बघून डोक्यात बरेच प्रश्न येतात. एवढ्या थंडीत रस्त्यावर गरम पाणी येतं कुठून? ते काचेवर गोठत नाही का? आणि गार काचेवर गरम पाणी मारल्यावर काच फुटत कशी नाही? एकेक करून बघूया.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घेऊ

ब्रिटनमध्ये घराच्या खिडक्या बाहेरून धुऊन देणं हा एक स्वतंत्र धंदा आहे. ठरलेल्या दिवशी धुणारा येतो, बाहेरच्या काचा धुतो आणि पैसे घेऊन जातो. पूर्वी त्याच्याकडे बादली, शिडी आणि रबरी पट्टीचा वायपर असायचा. आज जगभर वापरला जाणारा एका पट्टीचा हलका वायपर १९३६ मध्ये अमेरिकेत एटोरे स्टेकोने या इटालियन स्थलांतरिताने तयार केला. ते हत्यार आजही दुकानांच्या काचांवर आणि घराच्या आतल्या बाजूने चालतं.

वरच्या मजल्यांची गोष्ट मात्र बदलली. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नवे नियम लागू झाले. त्यांनी शिडीवर बंदी घातली नाही, पण जे काम जमिनीवर उभं राहून होऊ शकतं त्यासाठी माणसाला वर चढवू नका असं सांगितलं. त्यामुळे पाण्याच्या काठीचा वापर झपाट्याने वाढला. व्हॅनमध्ये टाकी, टाकीला पंप, पंपाला शंभर मीटरपर्यंत लांब नळी आणि नळीच्या टोकाला काठी, अशी ही रचना असते.

न पुसता काच स्वच्छ वाळते, कारण ते पाणी साधं नसतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे डाग चांगलेच माहीत असतील. म्हणून हे लोक आधी आरओने आणि मग क्षार शोषणाऱ्या रेझिनने पाणी गाळतात. त्याचा टीडीएस शून्याजवळ आणतात. तुलनेसाठी, भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चालतो.

मग गरम करायची गरज काय?

खरं सांगायचं तर सक्ती काहीच नाही. शुद्ध पाणी गार असतानाही काच स्वच्छ करतं आणि ब्रिटनमधले अनेक जण पूर्ण हिवाळा गार पाण्यावरच काढतात. पण गरम पाण्याचे फायदे आहेत.

पहिला फायदा मळाशी निगडित आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसलेला तेलाचा थर, पक्ष्यांची वाळलेली विष्ठा, किड्यांचे डाग हे सगळं कोमट-गरम पाण्याने लवकर सुटतं. खरकटी तेलकट भांडी गार पाण्याने घासून बघा, फरक कळेल. इथे साबण वापरत नाहीत, त्यामुळे ही मदत जास्तच जाणवते.

दुसरा फायदा सामानाचा. थंडीत प्लास्टिकची नळी ताठ होते, गुंडाळली जात नाही आणि ओढताना कोपऱ्यांवर अडते. ब्रशचे केसही कडक होतात. आतून गरम पाणी वाहिलं की दोन्ही मऊ राहतात.

तिसरा फायदा माणसाचा. दिवसभर ओले हात आणि वर बोचरा वारा. बोटं बधिर झाली की काठीवरची पकड सुटते. दहा मीटर उंच काठी रस्त्यावर कलंडणं ही साधी गोष्ट नाही.

पाणी गरम कसं करतात?

मुख्य मार्ग तीन.

१. रात्रभर विजेवर: आपण बादलीत हीटरचा रॉड टाकतो, तशीच ही युक्ती. फक्त बादलीच्या जागी व्हॅनमधली मोठी टाकी. ५०० लिटर पाणी ५ अंशांवरून ३५ अंशांवर न्यायला जवळपास साडेसतरा युनिट वीज लागते. ३ किलोवॉटचा रॉड असेल तर सुमारे सहा तास. ब्रिटनमध्ये रात्री स्वस्त वीज देणाऱ्या योजना आहेत, त्यामुळे हे परवडतं. अडचण एकच, दुपारपर्यंत टाकी निवत जाते.

२. डिझेल हीटर: मुळात ही यंत्रं ट्रक आणि बोटींसाठी बनली. इंजिन बंद असतानाही रात्री केबिन उबदार राहावी म्हणून. खिडक्या धुणाऱ्यांनी तीच व्हॅनमध्ये बसवली. हीटर एका बंद नळीतलं द्रव गरम करतो आणि ते द्रव आपली उष्णता धातूच्या पत्र्यांमधून शुद्ध पाण्याला देतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

३. गॅस हीटर: आपल्याकडच्या गॅस गीझरचाच भाऊ. पाणी वाहू लागलं की ज्योत पेटते आणि पाणी तिथल्या तिथे गरम होतं.

किती ताकदीचा हीटर लागतो? काठीतून मिनिटाला २ लिटर पाणी जातं असं धरू. ते ५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं असेल तर साधारण साडेपाच किलोवॉट लागतात. आपला घरातला साठवणीचा गीझर बहुतेक वेळा २ किलोवॉटचा असतो, म्हणजे त्याच्या जवळपास तिप्पट.

आणि एवढं करून ब्रशपर्यंत ४५ अंश पोचत नाहीत. ८ मिलिमीटर व्यासाच्या १०० मीटर नळीत ५ लिटर पाणी मावतं. म्हणजे हीटरमधून निघालेला प्रत्येक थेंब ब्रशपर्यंत यायला अडीच मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ तो गारठलेल्या फरशीवरून प्रवास करत असतो. त्यामुळे व्हॅनजवळ हात भाजेल असं वाटणारं पाणी काचेवर नुसतं कोमट पडू शकतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी आधी शुद्ध करायचं आणि मग गरम. आरओचा नेहमीचा पडदा साधारण ४५ अंशांपर्यंतच सुरक्षित असतो, त्यापुढे तो खराब होतो. गंमत म्हणजे फार गार पाणीही त्याला मानवत नाही. तापमान एक अंशाने उतरलं की आरओचं उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. त्यामुळे हिवाळ्यात टाकी भरायला उन्हाळ्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

गरम पाणी असलं की काचेवर बर्फ होत नाही?

होतो! इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

छोटं गणित करू. ४ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच १० किलो वजनाची असते. धुऊन झाल्यावर तिच्यावर पाण्याचा पातळसा थर उरतो. तो एक दशांश मिलिमीटरचा धरला तर ते पाणी फक्त १०० ग्रॅम भरतं. हे १०० ग्रॅम पाणी ४० अंशांवरून शून्यावर येईपर्यंत जेवढी उष्णता देतं, तेवढ्यात ती १० किलोची काच जेमतेम २ अंशांनी गरम होते. काच उणे १० वर असेल तर ती उणे ८ वर येईल. पाणी मात्र गोठणारच.

पाणी वाहतं आहे तोवर नवी उष्णता येत राहते आणि काम चालतं. काठी पुढच्या खिडकीकडे वळली की मागे राहिलेला थर गोठायला लागतो. त्यातही खिडकी जितकी चांगली, तितका त्रास जास्त. दुहेरी काचेच्या खिडकीत घरातली ऊब आतच अडते, त्यामुळे बाहेरची काच जवळजवळ हवेइतकीच गार असते.

म्हणून गरम पाण्याची पद्धत ब्रिटनसारख्या, तापमान शून्याच्या आसपास घुटमळणाऱ्या हवेत उपयोगी ठरते. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या जवळ असतं. तिथे नुसतं गरम पाणी पुरत नाही. अशा थंडीत पुन्हा बादली आणि वायपर बाहेर येतात. पाण्यात अल्कोहोल किंवा गाडीच्या काचेवर मारायचं न गोठणारं द्रव मिसळतात, थोडंच पाणी लावतात आणि ते गोठायच्या आत वायपरने ओढून काढतात. अल्कोहोल पेट घेऊ शकतं, त्यामुळे ज्योतीजवळ ते वापरायचं नसतं.

काच का तडकते आणि केव्हा तडकते?

काच गरम झाली की प्रसरण पावते. पूर्ण काच एकसारखी गरम झाली तर काही बिघडत नाही. पण मधला भाग गरम आणि फ्रेममध्ये दडलेली कड गार राहिली, तर मधला भाग पसरू बघतो आणि कडेवर ताण येतो. कडेला आधीच बारीक टवका असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

युरोपीय मानकांनुसार खिडकीची साधी काच सुमारे ४० अंशांचा फरक सहन करते, टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा. यावरून हिशेब सोपा आहे. काच शून्यावर आणि पाणी ३० अंशांवर असेल तर काळजी नाही. काच उणे १० वर आणि पाणी ६० अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा होतो, म्हणजे साध्या काचेसाठी धोका. जुन्या, ओरखडे पडलेल्या किंवा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांना आणखी जपावं लागतं. नळीत वाया जाणारी उष्णता इथे उलट उपयोगी पडते. अनुभवी लोक सुरुवातीला ब्रश एका जागी न धरता पाणी सगळ्या काचेवर फिरवतात.

खरे धोके काचेला नाहीत, माणसाला आहेत

कार्बन मोनॉक्साइड: डिझेल किंवा गॅस जळताना हा वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. व्हॅन म्हणजे त्याहून लहान खोली. म्हणून धूर बाहेर नेणारी नळी घट्ट बसवलेली हवी, गाडीत या वायूचा अलार्म हवा आणि हीटर चालू असताना आत बसून डबा खायचा नाही. घराच्या बाथरूमसाठी बनवलेला गीझर व्हॅनमध्ये जोडणं तर जिवाशी खेळ.

भाजणं: ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत गंभीर भाजू शकतं. नळीचा जोड निसटला तर खालून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर हेच पाणी पडतं.

लिजिओनेला: या जिवाणूमुळे न्यूमोनियाचा गंभीर प्रकार होतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून तो फुप्फुसात जातो. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो वाढतो. रात्रभर कोमट ठेवलेली टाकी नेमकी याच पट्ट्यात येते, शिवाय शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीनही उरलेलं नसतं. म्हणून पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवायचं नाही, टाकी आणि नळ्या नियमित रिकाम्या करून धुवायच्या.

घसरणं: काचेवरून ओघळलेलं पाणी शेवटी फुटपाथवरच येतं आणि गोठतं. मागून कुणी आजी चालत आली तर? त्यामुळे कडक थंडीत दाराजवळच्या पायऱ्यांवर मीठ किंवा वाळू टाकतात. दुसऱ्या दिवशीही उणे तापमान राहणार असेल तर काम पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

यातून आपल्या कामाचं काय?

महाराष्ट्रात काचेवर पाणी गोठण्याची वेळ सहसा येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढंच. पण काही गोष्टी इथेही लागू पडतात.

- खिडकीवरचे पांढरे डाग मळाचे नसून क्षारांचे असतात. शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याने फिरवा किंवा पाणी वाळायच्या आत वायपर ओढा. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र यासाठी वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात.
- स्वयंपाकघराच्या तेलकट काचेसाठी हाताला सोसवेल इतकं कोमट पाणी पुरेसं आहे. उकळतं पाणी नको.
- कॅनडात, अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांना एक सांगा. गाडीच्या पुढच्या काचेवरचं बर्फ काढायला किटलीतलं गरम पाणी ओतू नका. काच तडकू शकते आणि ओतलेलं पाणीही पुन्हा गोठतं. बर्फ खरवडायची पट्टी आणि गाडीचा हीटर हेच बरं.
- गॅस गीझर असेल तर बाथरूममध्ये हवा खेळती आहे ना, हे आजच बघा.

थोडक्यात, गरम पाणी मळ सोडवतं, नळी मऊ ठेवतं आणि हात वाचवतं. बर्फ मात्र ते थांबवत नाही. काचेचा हिशेब ४० अंशांच्या फरकाचा आणि माणसाचा हिशेब हवेचा. पुढच्या वेळी तो वाफाळता व्हिडिओ दिसला की वरच्या काचेसोबत खालच्या फुटपाथकडेही बघा.