राखेची चाहूल विजेला कशी लागेल?

स्टुटगार्टमध्ये राहत असाल, तर ऐन थंडीत खिडक्या सताड उघडणारे शेजारी तुम्हाला ठाऊकच असतील. पण खोलीतली हवा 'कोंदट' कधी म्हणायची? 1858 साली म्युनिकच्या माक्स पेटनकोफर यांनी त्याला आकडा दिला: कार्बन डायऑक्साइड हजारात एक भागापेक्षा जास्त नको. तो मोजायला ते बेरियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वापरत.

करोनाकाळात जर्मन शाळांत आलेली हिरवा-पिवळा-लाल दिवा दाखवणारी यंत्रं बहुधा अवरक्त प्रकाशाने मोजतात. पण त्यासाठी प्रकाशाचा स्रोत हवा, त्याला जायला वाट हवी. प्रत्येक खोलीत मावेल असं स्वस्त, इवलंसं यंत्र हवं असेल, तर वायूची खूण थेट विजेत उमटलेली बरी.

अडचण इथेच आहे. 1962 मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा संवेदक शोधला. गळका गॅस त्याच्या तापलेल्या, सच्छिद्र थरावर जळतो आणि थराचा विद्युतरोध घटतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आधीच जळून झालेला. राखेला काडी लावून काय पेटणार?

1954 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी वेगळी वाट काढली. आम्लता मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर त्यांनी पातळ रबर ताणलं. वायू त्यातून झिरपतो, पाण्यात विरघळतो, आम्ल होतं, व्होल्टेज बदलतं. जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ते सुधारलं, आणि रक्तातला हा वायू आजही त्याच तत्त्वावर मोजतात. म्हणजे जाळता येत नसेल, तर धरून ठेवा!

धरायला सच्छिद्र पदार्थाइतकं चांगलं काय? धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या अशा जाळीदार चौकटींसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक चौकटींतून वीज वाहत नाही. पण 2019 मध्ये एमआयटीच्या मिर्चा डिंका यांच्या गटाने तांब्याची वीजवाहक चौकट वापरून साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड टिपला. गंमत म्हणजे, एरवी अडथळा ठरणारी हवेतली वाफ तिथे उपयोगी पडली: चौकटीने आपसूक धरलेलं पाणीच कामाला आलं.

तुमच्याच शहरात, ब्युस्नाउच्या माक्स प्लांक संस्थेत, बेटिना लोट्श यांचा विभाग धातूविना, निव्वळ सेंद्रिय चौकटी घडवतो. तिथेही मूळ प्रश्न तोच: छिद्राच्या भिंतीवर कोणता रेणू बसवला, तर हवा तो पाहुणा थांबेल? आणि तितकंच महत्त्वाचं, खिडकी उघडल्यावर तो निघूनही जाईल? कारण धरलेला वायू सोडता आला नाही, तर संवेदक एकदाच खरं बोलेल.