माणसाचे हक्क : पण ‘माणूस’ कोण?



हक्क, स्वातंत्र्य, समता हे शब्द आपण सभांमधून इतक्या वेळा ऐकतो की ते पहिल्यापासूनच होते असं वाटायला लागतं. तसं नाही. सरकार कशासाठी असतं आणि माणसाला जन्मतः काय मिळालेलं असतं, यावर युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात मोठं वैचारिक युद्ध झालं. त्याचा इतिहास कामगार-कष्टकऱ्यांनी आपल्या नजरेनं वाचला पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या काळी राजा म्हणजे देवानं नेमलेला धनी, असं धर्मपीठावरून शिकवलं जाई. राजा चुकला तर जाब देवानं विचारायचा, प्रजेनं नव्हे. या समजुतीवर घाव घातला तो इंग्लंडच्या जॉन लॉकनं. १६८८ साली इंग्रजांनी आपल्या राजाला हुसकून लावलं आणि पुढच्याच वर्षी लॉकचं शासनसंस्थेवरचं पुस्तक बाहेर आलं, तेही लेखकाचं नाव न छापता! त्याचं म्हणणं असं की, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे निसर्गदत्त हक्क आहेत, ते राखण्यासाठी लोकांनीच सरकार नेमलं आहे. राखणदारच घर लुटायला लागला तर त्याला काढून टाकायचा लोकांना अधिकार आहे.

फ्रान्सच्या माँटेस्क्यूनं १७४८ साली पुढचा मुद्दा मांडला. कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा, हे तिघे वेगळे हवेत. गिरणीतल्या माणसाला हे समजायला पंडित लागत नाही. ज्या मुकादमानं नियम केला, त्यानंच दंड ठोकला, आणि दादही त्याच्याकडेच मागायची, तर दाद मिळणार कुठून?

तिसरा रूसो. जिनीव्हातल्या घड्याळजीचा मुलगा. १७६२ सालच्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात त्यानं सांगितलं की सार्वभौम सत्ता लोकांचीच, राज्यकर्ते हे लोकांनी नेमलेले नोकर. त्याच्या स्वतःच्या गावानंच ते पुस्तक जाळलं. पुस्तक जाळलं तरी विचार जळत नाही. २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रेंच क्रांतीनं १७ कलमांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, हे त्याचं पहिलंच कलम.

आता खरा प्रश्न. यातला ‘माणूस’ कोण?

लॉकनं स्वातंत्र्यावर लिहिलं, पण आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याचे पैसे गुंतले होते. अमेरिकेचा १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर गुलाम राबत होते. फ्रान्सच्या १७९१ सालच्या राज्यघटनेत मत कुणाला? तर तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणाऱ्या पुरुषाला. घरगडी वगळले, बायका वगळल्या. ओलिंप द गूज या बाईनं त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ साली राजकीय लिखाणाबद्दल तिचा गळा कापला गेला. फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं!

आणि कामगार? १७९१ च्या वसंतात पॅरिसचे सुतार मजुरीवाढीसाठी एक झाले. लगेच १४ जूनला क्रांतिकारक सभेनं कायदा करून कामगारांच्या संघटना आणि संप बेकायदा ठरवले. कारण काय दिलं? तर संघटनेमुळे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला बाधा येते! मालकाशी एकेकट्यानं भांडा, हे म्हणे स्वातंत्र्य. तिथं संपाला मोकळीक १८६४ साली मिळाली, युनियनला १८८४ साली.

म्हणजे हे विचार खोटे होते का? नाही. माप बरोबर होतं, मोजणारे आपल्याच माणसांपुरतं मोजत होते. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनीच ते माप हातात घेतलं. फ्रान्सच्या ताब्यातल्या हैतीमध्ये १७९१ साली गुलामांनी उठाव केला. फ्रान्सनं १७९४ साली गुलामी रद्द केली, नेपोलियननं १८०२ साली ती परत आणली. पण हैतीचे लोक मागे हटले नाहीत, १८०४ साली त्यांनी आपलं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं.

या विचारवंतांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो थॉमस पेन (१७३७–१८०९). बायकांच्या झग्याखालच्या ताठ काचोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटली, बापाच्या हाताखाली शिवणकाम. पुढे जकातीच्या खात्यात नोकरी लागली, तिथं सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी अर्ज लिहिला. १७७४ साली ती नोकरी गेली. मग अमेरिका गाठली आणि १७७६ च्या जानेवारीत एक छोटं पुस्तक लिहून राजाची गरजच काय, असं रोखठोक विचारलं. १७९१ आणि १७९२ साली ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग आले. दुसऱ्या भागात तो हिशोब मांडतो : पन्नाशीनंतर गरिबाला वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा पौंड, गरिबाच्या मुलांच्या शिक्षणाला मदत. आणि ही भीक नव्हे, हक्क आहे, असं ठणकावतो. इंग्लंडनं त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. फ्रान्सनं त्याला लोकसभेत घेतलं, पण राजाला फाशी देऊ नका म्हणाला, आणि पुढे त्याच फ्रान्सनं त्याला सुमारे दहा महिने तुरुंगात ठेवलं.

त्याचं हेच पुस्तक १८४७ साली पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पेनच्या पुस्तकातला ‘माणूस’ जोतीरावांनी शूद्र-अतिशूद्रांपर्यंत आणि स्त्रियांपर्यंत आणून पोचवला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणात एक माणूस एक मत असेल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता राहील, आणि ही विसंगती फार दिवस ठेवली तर लोकशाहीच उडून जाईल. हक्क नाकारला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचं कलम ३२, त्याला तर त्यांनी घटनेचा आत्मा म्हटलं.

तरुणांना एवढंच सांगणं आहे. कुणी हक्काची भाषा बोलला की दोन प्रश्न विचारा. यात कोण धरलंय आणि कोण वगळलंय? आणि हक्क मारला गेला तर दाद कुणाकडे मागायची? बाहेर ठेवलेली माणसं हे विचारत राहिली, म्हणूनच ‘माणूस’ या शब्दात आज आपण आहोत. अजून जे बाहेर आहेत, त्यांच्यासाठी आता आपण विचारायचं.