ताशी पंधरा किलोमीटर: ऑडॅक्स क्लब पॅरिसियनची वाटचाल

आंरी देग्रांजने १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' सुरू केली ती आपले 'लोतो' हे दैनिक खपावे म्हणून. ही कथा सायकलप्रेमींना पाठ असते. पुढच्याच वर्षी त्याने आणखी एक उद्योग केला, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. इटलीत १८९७ पासून काही हौशी मंडळी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात दोनशेहून अधिक किलोमीटर सायकल चालवत होती, शर्यत न लावता, एकत्र. देग्रांजला ती कल्पना आवडली. त्याने फ्रान्ससाठी नियम लिहिले आणि एप्रिल १९०४ मध्ये पॅरिसहून पहिला दोनशेचा 'ऑडॅक्स' निघाला. ज्यांनी तो पुरा केला त्यांनाच सभासद करून घेणारा एक क्लब त्याच वर्षी उभा राहिला. हाच ऑडॅक्स क्लब पॅरिसियन. आज जगभर ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणारे लोक त्याला नुसते 'एसीपी' म्हणतात.

पहिली सतरा वर्षे हा क्लब देग्रांजच्या नियमांप्रमाणे चालला. पुढे कॅप्टन, मागे सगळे, वेग ठरलेला: सुरुवातीला ताशी १८ किलोमीटर. कोणी पुढे पळायचे नाही, कोणाला मागे टाकायचे नाही. शिस्त चांगलीच होती, पण ती शाळेच्या सहलीची शिस्त. चढावर दमदार माणूस ब्रेक लावत जाणार आणि अशक्त माणूस तोंडाला फेस येईपर्यंत पायडल मारणार. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लब यांचे फाटले. ऑडॅक्स भरवण्याचा अधिकार त्याने क्लबकडून काढून घेतला आणि दुसऱ्या संघटनेला दिला. अशा वेळी बहुतेक संस्था एकतर माफी मागतात किंवा विझतात. या मंडळींनी तिसरेच केले. कामिय द्युराँ या सभासदाच्या पुढाकाराने त्यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नवी पद्धत काढली: अंतर ठरलेले, वेळेची मर्यादा ठरलेली, मधे ज्याला जसे जमेल तसे जावे. नावात 'ऑडॅक्स' तसेच राहिले, पद्धत मात्र गेली. हा विरोधाभास शंभर वर्षे झाली तरी कोणी दुरुस्त केलेला नाही आणि करूही नये.

माझ्या मते संस्थेचा खरा जन्म १९०४ चा नाही, १९२१ चा आहे. नव्या नियमाने सायकलस्वाराला थांबण्याचा हक्क दिला. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस, हे आजचे आकडे. सरासरी ताशी १५ किलोमीटर. वरच्या बाजूलाही वेगाची मर्यादा आहे. फार लवकर पोचलात तर कार्डावर शिक्का मारणारा वाटेवरचा नाका, म्हणजे कंट्रोल, उघडलेलाच नसतो. निकाल आडनावाच्या अक्षरक्रमाने छापतात, क्रमांक नाही. या दोन वेगांच्या मधे जी ऐसपैस जागा उरते तिच्यात फ्रान्सची खेडी मावतात.

ती कशी, हे समजायला तिथला रस्ता डोळ्यांपुढे आणावा लागेल. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखे घटक, आणि त्यांतले बहुसंख्य अगदी लहान. मोठी वाहतूक मोटरवे ओढून घेतात. गावागावांना जोडणारे 'डी' क्रमांकाचे जिल्हा-रस्ते मग रिकामे राहतात: चांगले डांबर, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपे, पिवळ्या टोपीचे मैलाचे दगड, तासाभरात एखादा ट्रॅक्टर. पुढचे गाव येणार हे पाटीच्या आधी चर्चच्या मनोऱ्यावरून कळते. घरे दरीत लपलेली असली तरी मनोरा तीन-चार किलोमीटरवरून दिसतो, आणि वारा समोरून असेल तर तो जवळ येता येत नाही.

ही चर्चेस रॅन्डोनरच्या, म्हणजे ब्रेवे करणाऱ्या सायकलस्वाराच्या, फार व्यावहारिक उपयोगाची आहेत. १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्म आणि शासन वेगळे झाले, आणि त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चेस कम्यूनच्या मालकीची ठरली. त्यामुळे छपराची कौले बदलणे हे काम महापौराचे. पाद्री बहुधा अनेक गावे मिळून एकच. मिस्सा महिन्यातून एकदा होत असेल, पण इमारत उभी आहे, घड्याळ चालू आहे. बऱ्याच गावांत ते तासाचे ठोके दोनदा देते, पहिल्यांदा मोजायचे राहिले तर मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा. चर्चला लागून किंवा गावाच्या कडेला दफनभूमी, तिच्या फाटकाशी फुलांना पाणी घालण्यासाठी नळ. दुपारी बारा ते दोन सगळे खेडे कुलूपबंद असते, सोमवारी बेकरीही बंद. अशा वेळी बाटली भरायची ती त्या नळावर, 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना ते पाहून. पाऊस आला तर दगडी देवडी आहे. रात्री तिथे अंगावर चांदीसारखे चकाकणारे आणीबाणीचे पातळ पांघरूण ओढून अर्धा तास झोपलेली माणसे मोठ्या ब्रेवेत हमखास दिसतात. बाराव्या शतकातल्या कारागिरांनी त्या देवडीचा असा उपयोग कल्पिला नसेल, पण वाटसरूला आडोसा हा त्यांच्या हिशोबाबाहेरचाही नव्हता.

क्लबची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस. ती मूळची त्यांची नव्हे. पिएर जिफार या पत्रकाराने १८९१ मध्ये ही १२०० किलोमीटरची शर्यत भरवली आणि शार्ल तेराँने ती सुमारे ७१ तासांत जिंकली. पुढे ती दहा वर्षांनी एकदा, व्यावसायिकांसाठी होऊ लागली. १९३१ मध्ये क्लबने हौशींसाठी आपल्या पद्धतीची वेगळी फेरी जोडली. तीत स्त्रियाही होत्या. व्यावसायिकांची शर्यत १९५१ मध्ये शेवटची झाली, मॉरिस दियोने ती ३८ तास ५५ मिनिटांत जिंकली. नंतरच्या खेपेला पुरेसे व्यावसायिक मिळेनात आणि शर्यत बंद पडली. हौशींची फेरी राहिली, १९७५ पासून दर चार वर्षांनी. पैसा आणि बक्षिसे होती ते गेले, शिक्का आणि कार्ड होते ते टिकले. सायकलच्या गिअरचीही गोष्ट अशीच. तूरमध्ये देग्रांजने गिअर बदलणारा डिरेलर १९३७ पर्यंत येऊ दिला नाही; या पर्यटक मंडळींनी तो कितीतरी आधी आपलासा केला होता, कारण त्यांना चढ चढायचा होता, पुरुषार्थ सिद्ध करायचा नव्हता.

त्यांचा गुरू सँ-एतिएनचा पोल द व्हिव्ही. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने तो लिहीत असे, १८८७ पासून त्याने सायकलीवरचे मासिक चालवले आणि अनेक गिअरच्या सायकलींचा आयुष्यभर प्रचार केला. १९३० मध्ये ट्रामच्या धक्क्याने तो गेला. त्याच्या नावाने क्लबने १९४७ मध्ये 'फ्लेश व्हेलोसियो' सुरू केली: तीन ते पाच जणांची तुकडी, चोवीस तास, किमान ३६० किलोमीटर, कुठूनही निघा, ईस्टरला प्रोव्हांसमध्ये पोचा. मला क्लबच्या सगळ्या उपक्रमांत हा सर्वांत सुंदर वाटतो. कॅथलिक प्रथेप्रमाणे पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत चर्चच्या प्रार्थनेच्या घंटा वाजत नाहीत. मुलांना सांगतात की घंटा रोमला गेल्या आहेत. म्हणजे ही तुकडी दिवसरात्र ज्या गावांतून जाते त्या गावांच्या घंटा मुक्या असतात, आणि प्रोव्हांसमध्ये सगळे भेटतात तेव्हा त्या परत वाजू लागतात.

याहूनही निवांत उपक्रम म्हणजे 'फ्लेश द फ्रान्स'. पॅरिसहून देशाच्या कडेच्या शहरांकडे जाणारे ठरीव मार्ग, ज्याने त्याने आपल्या सवडीने करायचे. गर्दी नाही, स्वयंसेवक नाही. ठरलेल्या गावात कॅफेत किंवा बेकरीत जायचे, कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्यायचा. सगळे बंद असेल तर गावातून क्लबच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचे, हीसुद्धा जुनी मान्य रीत. एका साध्या रबरी शिक्क्यापायी पॅरिसचा माणूस अशा खेड्यात थांबतो, कॉफी घेतो, समोरच्या चर्चच्या दारावरचे कोरीवकाम पाहतो, जिथे एरवी त्याची मोटार वेगही कमी करत नाही.

१९७० च्या दशकात क्लबने फ्रान्सबाहेर ब्रेवे द्यायला सुरुवात केली. १९८३ मध्ये क्लबचे रोबेर लपेर्तेल यांच्या पुढाकाराने 'ले रॅन्डोनर मोंदियो' ही आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आज पुण्यात किंवा नाशकात कोणी दोनशेची बीआरएम, म्हणजे क्लबच्या नियमांची ब्रेवे, केली तरी तिला नोंदणीचा क्रमांक मिळतो तो पॅरिसच्या या क्लबकडून. भारतात ब्रेवे आल्या २०१० च्या सुमारास. ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्सच्या उभारणीत पुण्याच्या दिव्या ताटे यांचा वाटा मोठा. २०१९ च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला भारतातून तीनशेहून अधिक जण गेले. बहुसंख्यांना ते ९० तासांत पुरे करता आले नाही. थंडी, समोरचा वारा, झोप ही कारणे सांगितली जातात आणि ती खरी आहेत. पण आणखी एक कारण मला दिसते. आपल्या ब्रेवे बहुतेक चौपदरी महामार्गावर होतात: सरळ रस्ता, लांबलचक चढ, दर वीस किलोमीटरला हॉटेल. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसचा रस्ता सतत वर-खाली होत राहतो. घाट म्हणावा असा एकही नाही, पण सगळे मिळून बारा हजार मीटरच्या आसपास चढ भरतो. तिथली खेडी पायांची परीक्षा हप्त्याहप्त्याने घेतात.

त्या मार्गावर सहा हजारांहून अधिक लोक एकाच वेळी असतात, तेव्हा निवांत खेड्याची गोष्ट कशाला करायची, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पहिल्या रात्री पेर्शच्या टेकड्यांमध्ये लाल दिव्यांची रांगच रांग लागते. पण हा सोहळा क्लब चालवतो असे म्हणणे अर्धेच खरे. क्लब लहान आहे. सोहळा गावे चालवतात. व्हिलेन-ला-ज्युएलमध्ये कंट्रोलला जत्रेचे रूप येते आणि शाळकरी मुले थकलेल्या स्वारांचे जेवणाचे ताट टेबलापर्यंत वाहून नेतात. फुजेरच्या अलीकडे एका वस्तीत एक कुटुंब वर्षानुवर्षे रात्रभर कॉफी आणि क्रेप देत आले आहे. पैसे घेत नाही, घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा म्हणते. कारे सोडले की रॉक त्रेव्हेझेलचा माळ लागतो आणि तो उतरल्यावर सिझँ हे गाव. तिथल्या चर्चच्या आवाराला सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली तीन कमानींची दगडी वेस आहे. एवढ्याशा गावात एवढी मिजास कशी? सोळाव्या-सतराव्या शतकांत या भागात तागाच्या कापडाचा व्यापार भरभराटीला होता, आणि शेजारच्या गावापेक्षा आपले आवार देखणे व्हावे यासाठी गावे पैसा ओतत होती. व्यापार गेला, वेशी राहिल्या. ब्रेस्तला जाणारा स्वार तिच्यासमोरून जातो आणि दहांतले नऊ जण मान वर करत नाहीत.

चर्च आणि सायकल यांचे नाते एका ठिकाणी उघडच जुळले आहे, जरी ते या क्लबचे काम नव्हे. दक्षिणेत लाँद जिल्ह्यातल्या लाबास्तीद-दार्मान्याक या गावाजवळ अकराव्या शतकातले एक छोटे चॅपेल आहे. इटलीतल्या गिझाल्लोच्या मेरीमंदिरावरून स्फूर्ती घेऊन जोझेफ मासी या सायकलवेड्या पाद्रीने ते सायकलस्वारांना अर्पण केले आणि १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांची मान्यता मिळवली. आत भिंतींवर शेकडो जर्सी टांगल्या आहेत, रंगीत काचांची चित्रे माजी शर्यतपटू आंरी आंग्लाद यांची. १९७३ चा तूरविजेता लुइस ओकान्या याचे लग्न इथे झाले आणि १९९४ मध्ये अंत्यविधीही इथेच. १९८९ च्या तूरचा एक टप्पा याच गावातून सुटला.

पुढचे पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे. पात्रतेसाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेवे पुऱ्या कराव्या लागतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सरावाच्या काही ब्रेवे महामार्ग सोडून भोर-वेल्ह्यासारख्या चढउताराच्या आतल्या रस्त्यांवर करा. आणि सिझँला पाच मिनिटे थांबा. नव्वद तासांत तेवढी जागा काढता येते.