गोव्यातील दुभाषी: मराठी कागद पोर्तुगीजमध्ये आणण्याची परंपरा

पोर्तुगीज गोव्यात सरकारी दुभाष्याला 'लिंग्वा' म्हणत. या शब्दाचे अर्थ दोन, जीभ आणि भाषा. मराठी पत्रांचे पोर्तुगीजमध्ये भाषांतर करणे, उत्तरांचे मसुदे तयार करणे आणि वकिलांच्या भेटीत दोन्ही बाजूंचे बोलणे पोचवणे ही त्याची कामे. ती बहुधा शेणवी म्हणजे सारस्वत मंडळींकडे असत.

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर पहिली गरज महसुलाची होती. गावांचे जुने हक्क आणि रिवाज १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया याने पोर्तुगीजमध्ये नोंदवले. ही नोंद 'फोराल' म्हणून ओळखली जाते. गावकीच्या जमिनीवर सामाईक हक्क असणाऱ्या गावकराला पोर्तुगीजमध्ये नेमका प्रतिशब्द नव्हता. म्हणून शब्दच उचलला गेला आणि 'गावकर'चा 'गांकार' झाला.

दुसरी गरज पाद्र्यांची होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठीत 'क्रिस्तपुराण' (१६१६) लिहून गेला. कोकणी शिकू पाहणाऱ्यांसाठी त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. मराठीचे पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये रोममध्ये निघाले. निझामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी मराठी, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते.

सर्वांत जोखमीचे काम राजकारणाचे. नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी बारदेशावर स्वारी केली. त्यानंतरच्या तहाच्या बोलण्यात पोर्तुगिजांच्या बाजूने पाद्री गोन्सालो मार्तिन्श याच्यासोबत रामाजी शेणवी कोठारी होते. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. राज्यकारभाराला मात्र स्थानिक भाषा जाणणाऱ्यांवाचून गत्यंतर नव्हते.

मोडीतील पत्र भाषांतरासाठी घेतले की पहिली अडचण वाचनाची. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, आणि मजकुरात फारसी शब्दांची रेलचेल असे. तारीख शकाची किंवा सुहूर सनाची. ती ख्रिस्ती सनात बसवावी लागे. नावांना पोर्तुगीज वर्णमालेचे वळण मिळे. 'शेणवी'चे 'सिनाय' झाले. ते गोव्यातल्या काही कुटुंबांच्या नावांत आजही टिकून आहे. 'श' हा उच्चार पोर्तुगीज लिपीत काही वेळा एक्स या अक्षराने दाखवला जाई, तर 'जी'साठी जी आणि वाय ही अक्षरे येत. हा संकेत माहीत नसलेल्या वाचकाला कागदावरचे शिवाजी आणि संभाजी 'सेवागी' आणि 'संबागी' वाटतात.

एकोणिसाव्या शतकात दुभाष्याच्या हाती छापील साधने आली. सुर्याजी आनंदराव यांनी पोर्तुगीजमधून समजावलेले मराठी व्याकरण १८७५ मध्ये पणजीला प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकात भाषांतराचा ओघ उलटला. गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख असलेले पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी 'शेजारचे राजे' या अर्थाच्या नावाची जुनी पोर्तुगीज बाडे चाळली. गोव्याहून मराठ्यांना गेलेल्या पत्रांच्या नोंदी त्यांत होत्या. दुभाष्यांवरही त्यांनी १९५२ मध्ये स्वतंत्र पोर्तुगीज ग्रंथ लिहिला. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने काढला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली, तरी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक आणि वारसाविषयक कायदा गोव्यात लागू राहिला. जुने खरेदीखत किंवा वारसाचा दस्त कोर्टात आला की तो वाचून देणारा जाणकार लागतोच.