विलायतेचा खर्च : काही जुन्या वाटा

पालकहो, इंग्रजी अमलात आपल्या भागाचा कापूस शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला, तेथून मुंबईमार्गे विलायतेस जाई. मालाला वाट होती. मुलाला पाठवायचे म्हटले की मात्र आजही शेत विकण्याची भाषा निघते. त्याआधी थोडा इतिहास पाहा.

१८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापला. ते दान नव्हते, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून आलेल्याने फेडलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येई. हा निधी आजही चालू आहे. १९०६ साली अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनाचे शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या, हे आपल्या मुलींनीही ध्यानात ठेवावे.

पण शिष्यवृत्तीने सारे भागते असे नाही. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोदे संस्थानाकडून दरमहा साडेअकरा पौंड मिळाले. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. कमाई, मदत, कर्ज असे तिन्ही जोडले, तेव्हा कुठे खर्च भागला!

आज अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची ‘पढो परदेश’ व्याजसवलत २०२२ पासून बंद आहे. जुन्या पत्रकांवर विसंबू नका. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. वर्षभराच्या राहण्याखाण्याचा पैसा मात्र व्हिसापूर्वीच दाखवावा लागतो.