दिवसा बैल, रात्री माणसे

संसारातून पळून जायला माणसाला फार लांबचे तिकीट लागत नाही. आमच्या नागऱ्याला ही सोय जुनीच आहे. शंभू महादेवाचे प्राचीन देऊळ आणि महाशिवरात्रीची जत्रा! त्याहून लांब पळायचे असेल तर गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसावे आणि वडशाला उतरावे. झाडीपट्टीच्या नाटकांची ही बाजारपेठ. लग्नाला बँडवाला ठरवावा तसे गावोगावचे लोक इथे येऊन नाटक ठरवून जातात.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले, हे आपण शाळेत घोकले. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर बोलू लागला आणि मोठमोठ्या नाटक कंपन्यांची बोलती हळूहळू बंद झाली. झाडीत मात्र ही बातमी कुणी नीट पोचवली नसावी! इथे दंडार होती, नाटक होते आणि शंकरपट होता. धान घरात आले, हाती चार पैसे आले, की दिवसा बैल पळायचे आणि रात्री माणसे! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांचे पळणे थांबवले, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा मोकळीक दिली. माणसांचे पळणे दिवाळीपासून होळीपर्यंत चालूच होते. २०२३ साली या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे दिल्लीला पत्ता लागला.

पण पळून माणसे जातात कुठे? आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर. हिशेब लागल्याशिवाय झोप नाही. रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकांत राजवाडे, अप्सरा असतील म्हणावे, तर निघतात कर्ज, दारू, हुंडा आणि सावकार! म्हणजे आमच्या पीककर्जाचे लेजरच, फक्त पेटी-तबल्यासह.

एका थकबाकीदार खातेदाराला मी विचारले, "अहो, घरचेच रडे तिकीट काढून कशाला पाहता?"

तो म्हणाला, "घरी सावकार रोजच जिंकते जी, साहेब. नाटकात तरी हारते!"

यावर कुठल्याच परिपत्रकात उत्तर नव्हते. वाचकहो, लोक याला वास्तवापासून पळणे म्हणतात. पहाटे तीच माणसे डोळे चोळत उठतात आणि त्याच बांधावर परत जातात. आम्ही बँकवाले कर्जाला मुदतवाढ देतो. नाटकवाले माणसाला देतात.