नापेलांच्या घरची शाळा

पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि नेहमी दोघे. जगातल्या कितीतरी शहरांत ही मुले रस्त्याने चालताना दिसतात. ती मॉर्मन पंथाची प्रचारक. (2018 पासून त्यांच्या चर्चला हे टोपणनाव नकोसे झाले आहे, पूर्ण नाव घ्या असा त्यांचा आग्रह असतो. पण ते इतके लांबलचक आहे की मी आपला जुनाच शब्द वापरतो.) मुलगे दोन वर्षे जातात, मुली दीड वर्ष. पगार नाही, उलट खर्च घरच्यांनी किंवा स्वतः करायचा. 2012 साली मुलांसाठी वयाची अट 19 वरून 18 वर आणली. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात बारावीचा निकाल लागतो, त्या वयात ही पोरे परमुलखात लोकांना देव समजावून सांगायला निघतात.

त्यांचा आठवडा मोठा बांधलेला असतो. सकाळी लवकर उठून अभ्यास, मग सोबत्याबरोबर पुन्हा अभ्यास, नवी भाषा असेल तर तिचा वेगळा तास, आणि मग दिवसभर दारे ठोठावणे, कुणी ऐकायला तयार झालेच तर धडा देणे. सोबत्याला सोडून कुठे जायचे नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याला, वाणसामानाला आणि घरी पत्र लिहायला. आईशी फोनवर बोलणे तर 2019 पर्यंत वर्षातून दोनदाच होई, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला चालते.

त्यांच्या धर्माबद्दल मला फारसे काही म्हणायचे नाही. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे माझे कुतूहल वेगळे. अठरा वर्षांचा पोरगा चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना शिकवायला बसतो, तेव्हा त्याला आधी कुणी शिकवलेले असते? हल्ली याचे उत्तर सोपे आहे. युटामध्ये प्रोव्हो येथे त्यांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे काही आठवडे भाषा घोकून घेतात. पण हे केंद्र नव्हते तेव्हा? त्याचा शोध घेताना मी थेट हवाई बेटांवर जाऊन पोचलो.

साल 1850. जोसेफ स्मिथने पंथ स्थापन केल्याला पुरती वीस वर्षे झाली होती. स्मिथचा जमावाने खून केला होता आणि त्याचे अनुयायी युटाच्या वाळवंटात जाऊन राहिले होते. त्यांच्यातले काहीजण कॅलिफोर्नियात सोने धुण्याच्या कामाला लागले होते. त्यांतल्या काहींना हुकूम आला, हवाईला जा. असे दहाजण 12 डिसेंबर 1850 रोजी होनोलुलूला उतरले. त्यांत जॉर्ज कॅनन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता, जन्माने लिव्हरपूलचा.

या दहाजणांची समजूत अशी की तिथल्या गोऱ्या लोकांना उपदेश करायचा. पण गोरे मूठभर, बरेचसे खलाशी आणि व्यापारी. त्यांना या नव्या पंथाशी काही कर्तव्य नव्हते. तेव्हा काहींच्या मनात आले की काम संपले, परत जावे. काही महिन्यांत निम्मे निघूनही गेले, खुद्द म्होरक्यासकट. कॅनन मात्र हटून बसला. इथले खरे रहिवासी हवाईयन आहेत, त्यांची भाषा शिकल्याशिवाय मी हलणार नाही, असे त्याने ठरवले. मला वाटते, या सगळ्या कथेतला खरा निर्णय हाच.

माउई बेटावरच्या लाहाइना गावात नालिमानुई नावाच्या एका विधवेने त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना राहायला आपले घर दिले आणि स्वतः लेकीकडे गेली. जेवायला पोई. पोई म्हणजे काय? अळूचे कंद, आपल्या अळकुड्यांचे थोरले भाऊ, शिजवून, कुटून, पाणी घालून केलेली खळीसारखी लापशी. ती आंबवूनही खातात. पहिल्यांदा तोंडाजवळ नेली तेव्हा कॅननला मळमळले. मग त्याने देवाची प्रार्थना केली, हे मला गोड लागू दे, आणि पुढच्या वेळी वाडगाभर खाल्ली. त्याने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. प्रार्थनेने चव पालटते की नाही ते मी सांगू शकत नाही. पण यजमानाचे अन्न मला आवडले पाहिजे असे ज्याला वाटले, तो भाषाही शिकणार हे मी पैजेवर सांगितले असते.

भाषेबद्दलही तो असेच सांगतो. शेजारी गप्पा मारत बसले होते. त्यांचे बोलणे कळावे अशी तीव्र इच्छा त्याला झाली आणि एकाएकी कानांत काहीतरी विलक्षण जाणवले. तो कानांवर हात ठेवून उभा राहिला आणि सोबत्यांना म्हणाला, मला दान मिळाले. तेव्हापासून त्याला कळू लागले. त्याच्या लेखी हा चमत्कार. मास्तराच्या लेखी असे की त्याआधीचे कित्येक आठवडे तो त्याच माणसांच्या अंगणात, त्यांचेच बोलणे कानांवर घेत बसलेला होता. दोन्ही खरे असायला हरकत नाही.

मार्च 1851 मध्ये तो एकटाच पायी बेट फिरायला निघाला. ओढ्यात पडून चिंब भिजला आणि वाइलुकू गावातून परतत असता एका घरातून बायकांनी हाक मारली, "ए, गोऱ्या!" त्या घरात त्याला जोनाताना नापेला भेटले. वय सदतीस, माउईच्या सरदार घराण्यातले, हुद्द्याने न्यायाधीश, आणि लाहाइनालुनाच्या शाळेत शिकलेले. ही शाळा अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी 1831 साली काढली होती आणि तिथले शिक्षण हवाईयन भाषेतून चाले. म्हणजे ज्यांना शिकवायला कॅनन आला होता, ते गृहस्थ त्याच्याहून वडील, कायदा जाणणारे आणि स्वभाषेत शिकलेले विद्वान होते!

नापेलांनी त्याचे ऐकले. गावच्या पाद्र्याने कडाडून विरोध केला, कॅननला वाइलुकू सोडून कुला भागातल्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांत जाऊन राहावे लागले. पण नापेलांची मैत्री तुटली नाही. जानेवारी 1852 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कॅननने पंथाचा मूळ ग्रंथ, 'मॉर्मनचे पुस्तक', हवाईयनमध्ये आणायला घेतले होते. रीत अशी की कॅननने मजकुराचा अर्थ समजावून सांगायचा आणि नापेलांनी तो हवाईयन माणूस कसा म्हणेल ते सांगायचे. आपल्याकडे मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशासाठी शास्त्री मंडळी खपली, पण कोशाला नाव लागले मोल्सवर्थचे. तसलाच प्रकार. हे हवाईयन पुस्तक 1855 साली सॅन फ्रान्सिस्कोत छापले गेले.

पण माझ्या लेखी नापेलांचे मोठे काम दुसरेच आहे. 1853 साली नवे प्रचारक आले, त्यांना हवाईयनचे अक्षर येत नव्हते. नापेलांनी सुचवले की त्यांना माझ्या घरी ठेवा, जेवूखाऊ घालतो आणि भाषा शिकवतो. ती शाळा त्यांनी चालवली. त्या पंथाचे इतिहासकार आज तिच्याकडे प्रोव्होच्या केंद्राची आद्य आवृत्ती म्हणून बघतात.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1854 मध्ये, एक पंधरा वर्षांचा पोरगा येऊन दाखल झाला. जोसेफ एफ. स्मिथ, संस्थापकाचा पुतण्या. चुलत्याबरोबर बापही 1844 मध्ये मारला गेलेला, आई 1852 मध्ये वारलेली. शाळेत मास्तर धाकट्या बहिणीला मारायला उठले, तर याने मास्तरांनाच बदडले आणि शाळा सुटली. त्यावर उपाय म्हणून की काय, त्याला हवाईला धाडले. कुलामध्ये तो तापाने फणफणला. त्याची शुश्रूषा केली माहुहीई नावाच्या बाईने, पोटच्या पोरासारखी. शंभर दिवसांच्या आसपास त्याला भाषा बोलता येऊ लागली. जी त्याला शाळेच्या फळ्यासमोर कधी आली नसती, ती आजारपणात पाणी मागता मागता आली. गरिबी इतकी की एकदा त्याच्यात आणि सोबत्यात बाहेर घालण्याजोगा कपड्यांचा एकच जोड उरला. एक प्रार्थनेला जाई, दुसरा अंथरुणात पडून राही. 1901 साली हाच मुलगा पंथाचा अध्यक्ष झाला. म्हातारपणी तो हवाईला गेला तेव्हा आंधळी झालेली माहुहीई हातात केळी घेऊन, "इओसेपा, इओसेपा" म्हणत त्याला शोधत आली होती. इओसेपा म्हणजे जोसेफ.

याच सुमाराला एक मॉर्मन आपल्याकडेही आला होता, हे थोड्यांना ठाऊक असते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश गृहस्थ 1852 मध्ये मुंबईला उतरला आणि तिथून पुण्याला आला. त्याने मराठीचा अभ्यासही सुरू केला. पण त्याचा श्रोतृवर्ग मुख्यतः छावणीतले गोरे. छोटीशी शाखा निघाली, आणि 1855 मध्ये तो परत गेला. त्याला कुणी नापेला भेटला नाही.

नापेलांचे पुढे काय झाले? 1869 साली ते सॉल्ट लेक सिटीला जाऊन आले, पंथाच्या अध्यक्षांना भेटले. मग त्यांच्या पत्नी किटी यांना कुष्ठरोग झाला. 1865 च्या कायद्याने अशा रोग्यांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावरच्या कलाउपापाला पाठवत. तीन बाजूंना समुद्र, चौथीला उभा कडा. 1873 मध्ये किटींना नेले. नापेला निरोगी होते, तरी बरोबर गेले. त्यांना तिथून काढण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आरोग्य मंडळाला पत्र लिहिले, की लग्नात मी देवासमोर हिला सांभाळण्याचे वचन दिले आहे, मला इथेच राहू द्या. राहू दिले. त्याच वर्षी तिथे आलेल्या कॅथलिक फादर डेमियन यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. पंथ वेगळे, काम एकच. पुढे नापेलांनाही तो रोग झाला.

1873 हेच साल कॅननच्याही चरित्रात ठळक आहे. त्या वर्षी तो युटाचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये बसला. 1879 मध्ये त्याने तरुण वाचकांसाठी 'माय फर्स्ट मिशन' हे आठवणींचे पुस्तक सॉल्ट लेकला छापले. त्यात ओढा आहे, पोई आहे, वाइलुकूची हाक आहे आणि नापेलाही आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नापेला कलाउपापाला वारले. किटी त्यांच्यामागे काही आठवड्यांत गेल्या.